पोटखराब्यातील पदयात्रा

डोंगर या पदार्थाविषयी सरकारी दप्तरात दोनच मते प्रचलित आहेत. महसूल खात्याच्या दृष्टीने डोंगर म्हणजे पोटखराबा. ज्यावर पीक नाही, म्हणून आकार नाही, आकार नाही म्हणून वसुली नाही, आणि वसुली नाही म्हणून ज्याच्याकडे मान वर करून पाहण्याचेही प्रयोजन नाही असा भूभाग. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने तोच डोंगर म्हणजे पाणलोट क्षेत्र. त्याने उभे राहावयाचे ते एवढ्यासाठीच की, अंगावर पडलेले पाणी त्याने निमूटपणे खाली सोडावे आणि ते खात्याच्या धरणात जमा व्हावे. पहिल्या मताचा पाईक मी, कारण माझी उभी हयात मामलेदार कचेरीच्या अव्वल कारकुनीत गेली. दुसऱ्याचे अण्णासाहेब, कारण ते कार्यकारी अभियंता म्हणून सेवानिवृत्त झाले. पाणीपट्टीच्या थकबाकीवरून आमच्या दोन खात्यांत जे पिढीजात वैर चालत आले आहे ते आम्ही निवृत्तीनंतरही, स्नेहास बाध न आणता, निष्ठेने चालविले आहे; परंतु डोंगर ही केवळ आनंदासाठी, पाठीवर ओझे घेऊन आणि स्वखर्चाने चढण्याची वस्तू आहे, हे तिसरे मत मात्र उभयतांपैकी कोणत्याही खात्याच्या परिपत्रकात आम्हांस आढळले नव्हते.

ते आमच्यापर्यंत आणले अण्णासाहेबांच्या जावयाने. हा सद्गृहस्थ स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा शहरी संगणकाच्या नोकरीत आहे. सासऱ्यांना मुलूख दाखवावा, आणि सोबतीस मलाही बोलवावे, म्हणजे ते दिवसभर माझ्याशी वाद घालतील व घरात शांतता नांदेल, असा दूरदर्शी हेतू त्याने मनी धरला होता. त्याने आम्हांला बूट घेऊन दिले, काठ्या घेऊन दिल्या, पाठपिशव्यांचे पट्टे स्वहस्ते आवळून पाहिले, आणि निघण्याच्या आदल्या रात्री कचेरीत तातडीचे काम उद्भवल्याचे अत्यंत खिन्न मुद्रेने जाहीर केले. ती खिन्नता इतकी परिपूर्ण होती की, तिची तालीम झाली असावी असा मला संशय आला. अण्णासाहेबांना आला नाही, कारण जावयाविषयी संशय घेणे सासऱ्याच्या सेवानियमांत बसत नाही.

ग्रानाडा शहराच्या आग्नेयेस सिएरा नेवादा ही हिमाच्छादित पर्वतांची रांग आहे, आणि तिच्या दक्षिण उतारावरील मुलखास आल्पुहारा म्हणतात. रांगेतले मुलासेन शिखर ३४७९ मीटर उंच. अवघ्या इबेरियन द्वीपकल्पात त्याहून उंच काही नाही. आणि तरीही भूमध्य समुद्र तेथून सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटरवरच असल्यामुळे, माथ्यावर बर्फ आणि पायथ्याशी संत्र्या-लिंबांच्या बागा असा परस्परविरोधी कारभार एकाच उतारावर बिनतक्रार चालतो. आमचा मुक्काम होता त्या कापिलेइरा गावाची उंची १४३६ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर, आणि तिच्या माथ्यावर पोचलेला माणूस गावी परतून वर्षभर ती गोष्ट सांगत असतो. येथे त्याच्या किंचित खालच्या उंचीवर लोक पाव आणावयास जातात, चपला घालून.

ग्रानाडाहून या मुलखाकडे येताना वाटेत एक खिंड लागते. तिचे नाव 'मुराचा निःश्वास'. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडाचा शेवटचा मूर, म्हणजे मुसलमान, सुलतान बोआब्दिल याने शहराच्या किल्ल्या फर्डिनंड आणि इसाबेला या राजा-राणीच्या स्वाधीन केल्या. तहनाम्यान्वये त्यास आल्पुहारात जहागीर मिळाली. आणि त्या जहागिरीकडे जाताना या खिंडीत मागे वळून त्याने आपल्या अल्हंब्रा राजवाड्याकडे अखेरचे पाहिले व उसासा टाकला, अशी आख्यायिका आहे. त्यावर त्याच्या मातोश्री, पुरुषासारखे जे राखता आले नाही त्यासाठी आता बायकांसारखा रड, अशा अर्थाचे काही बोलल्या म्हणतात. पुढे सम्राट पाचव्या चार्ल्सला कोणी ही हकीकत ऐकविली तेव्हा, आल्पुहारात राज्यावाचून जगण्यापेक्षा आपण अल्हंब्रातच थडगे पत्करले असते, असे उद्गार त्याने काढल्याचे सांगतात. उद्गार भारदस्त आहेत. फक्त याच सम्राटाने १५५६ साली आपणहून सिंहासन सोडले, पश्चिमेकडील डोंगरांतल्या युस्ते येथील मठाशेजारी बिऱ्हाड थाटले, आणि राज्यावाचून दोन वर्षे काढून तेथेच देह ठेवला, एवढी नोंद दप्तरी राहू द्यावी. आमच्या मोटारीच्या चालकाने त्या खिंडीत निःश्वासापुरताही वेग कमी केला नाही. आता तेथे द्रुतगती मार्ग आहे, आणि त्यावर थांबून रडण्यास बहुधा दंड असावा.

कापिलेइरा, बुबियोन आणि पाम्पानेइरा ही तीन गावे पोकेइरा नदीच्या दरीच्या एकाच कड्यावर, एकाखाली एक अशी बसली आहेत. घरे चुन्याने पांढरीफेक, परंतु छपरे सपाट. चेस्टनटच्या तुळयांवर फरशीवजा दगड, आणि त्यांवर 'लाउना' नावाच्या करड्या मातीचा थर; ही माती भिजली की आवळते आणि पाण्यास वाट देत नाही. छपरांतून टोप्या घातलेली नळकांडी धुराडी वर डोकावतात. गल्ल्या इतक्या अरुंद आणि उताराच्या की, एका घराच्या छपरावरून चालत गेलो तरी पलीकडच्याच्या दारात पोचावे. आणि कित्येक ठिकाणी समोरासमोरची घरे गल्लीवरून पूल टाकून एकमेकांत मिसळली आहेत. त्या आच्छादित बोळांना 'तिनाओ' म्हणतात. मालकी हक्काची पैमाश करावयाची तर खालची वाट गावची, वरची खोली कोणाची, आणि मधली तुळई कोणाच्या वहिवाटीची, या प्रश्नावर एखाद्या दिवाणी कोर्टाचे चरितार्थ सुखाने चालावेत. मी तसे बोलून दाखविले. अण्णासाहेब त्या वेळी एका बुटक्या छपराच्या कडेची माती बोटाने खरवडून जिभेला लावीत होते. घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांस अतिशय अदबीने नमस्कार केला, आणि ती आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. बिचारीला वाटले, भुकेला आहे.

दुसऱ्या दिवशी पदयात्रा सुरू झाली. येथील पायवाटांना अंकित केलेल्या खुणा असतात. लांब पल्ल्याच्या वाटेवर पांढरा व तांबडा पट्टा, आखूड वाटेवर पांढरा व पिवळा; आणि चुकीच्या वाटेच्या तोंडाशी त्याच रंगांची फुली. हद्दीच्या दगडांवरून आयुष्यभर तंटे पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसास, 'येथून जाऊ नये' हे सांगण्यासाठी कोणी शासकीय रंग खर्च केला आहे, ही गोष्टच हृदयस्पर्शी वाटली. तक्रार एवढीच की, आमची वाट गावातून निघून प्रथम पोकेइरा नदीपर्यंत उतरते, पूल ओलांडते, आणि समोरच्या डोंगरावर तितकीच पुन्हा चढते; म्हणजे जी उंची आपल्या मालकीची होतीच ती आधी नदीत सोडून द्यावयाची, आणि मग घामाचे मोल मोजून परत विकत घ्यावयाची. जमाखर्चाच्या कोणत्याही पद्धतीत हा व्यवहार बसत नाही.

चढावर माझा श्वास आणि माझे विचार परस्परांपासून विभक्त झाले असता मी थोरामोठ्यांचे स्मरण करून धीर धरीत होतो. जेरल्ड ब्रेनन हा इंग्रज लेखक १९२० साली याच मुलखातल्या येहेन गावी सुमारे २००० पुस्तके घेऊन राहावयास आला, आणि त्याच वर्षी त्याच्या भेटीस लिटन स्ट्रेची हे कृश, दाढीवाले, चरित्रकार गृहस्थ आले. प्रवास खेचरावरून. स्ट्रेची यांस मूळव्याध. या दोन विधानांच्या दरम्यान जे घडले असेल त्याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही; लंडनला परतल्यावर त्यांनी या सफरीपासून इतरांस परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, आणि तो न मानता १९२३ साली व्हर्जिनिया वुल्फ व त्यांचे यजमान येथे येऊन आनंदात राहून गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मी तेथे एका खडकावर बसलो व स्ट्रेची यांच्या पक्षात सामील झालो.

"उठा, रावसाहेब," अण्णासाहेब वरून म्हणाले. "वर पाट आहे."

"तुम्हाला कसे कळले?"

"झाडांची रांग पाहा. पाण्यावाचून झाडे रांगेत उभी राहत नाहीत."

आणि पाट होताच. त्याला येथे 'असेकिया' म्हणतात. मुरांच्या अमदानीत, म्हणजे आठनऊशे वर्षांच्या मागे-पुढे, या डोंगराच्या अंगाखांद्यावर असे शेकडो पाट काढले गेले: माथ्याजवळच्या वितळत्या बर्फाचे पाणी उचलावयाचे आणि अंगुळभर उताराने, डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरत व बाहेर येत, मैलोगणती आडवे न्यावयाचे. पाटाच्या काठाने जी पायवाट जाते तिच्यावर चालू लागल्यावर मला प्रथमच पदभ्रमणाचा आनंद म्हणतात तो झाला, आणि त्याचे कारण उघड आहे. पाण्यास चढ ठाऊक नाही. दरी आली की ते खाली उतरून पुन्हा वर जाण्याचा उपद्व्याप करीत नाही. सावकाश वळसा घालते. अवघ्या सिएरा नेवादात महसूल खात्याच्या प्रकृतीस मानवणारा गिर्यारोहक कोणी असेल तर तो हा.

अण्णासाहेब मात्र गंभीर होत चालले होते. पाट मातीचा. सिमेंट नाही, दगडी अस्तर नाही. काठावर गवत, मुळे, शेवाळ. आणि पाट गळत होता. एका जागी नव्हे, पावलोपावली. चेस्टनटच्या मुळांशी ओल, काठाखालच्या उतारावर हिरवा पट्टा, पायवाटेवर चिखल. ज्या मनुष्याने नोकरीची सारी वर्षे कालव्यांच्या अस्तरीकरणाचे प्रस्ताव मांडण्यात घालविली, 'गळती' हा शब्द ज्याच्या गोपनीय अहवालात शत्रूच्या नावासारखा येत असे, त्याची ती पायवाट चालताना काय अवस्था झाली असेल! ते मधूनमधून थांबत, काठीचे टोक ओलीत खुपसत, आणि पुटपुटत, "पंचवीस टक्के. छे, चाळीस!"

पुढे तर आक्रित होते. पाट एका उतरणीवरच्या कुरणापाशी आला आणि तेथे त्याचे सारे पाणी कोणीतरी बुद्धिपुरस्सर सोडून दिले होते. शेत नव्हते, बाग नव्हती. पाणी गवतात पसरत होते, खडकांच्या फटींत शिरत होते आणि नाहीसे होत होते. कडेला गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक म्हातारा, हाती फावडे घेऊन, ही नासाडी समाधानाने पाहत उभा होता. आपल्याकडचा पाटकरीच, चेहऱ्यावर तोच तो, पाण्याहून अधिक काही महत्त्वाचे नाही आणि पाण्यावाचून घाई कशाचीच नाही, असा भाव. त्याने वाकून पाटाच्या तोंडाशी उभा केलेला पाटीसारखा पातळ दगड बोटभर सरकविला, फटीत गवताची एक जुडी कोंबली, मुळासकट मातीचे एक ढेकूळ त्यावर बुटाच्या टाचेने दाबले, आणि पाण्याचा आवाज बदलला. त्या आवाजाकडे कान देऊन त्याने मान हलविली. बस्स, दरवाजा बसला.

अण्णासाहेबांना स्पॅनिश येत नाही आणि त्या म्हाताऱ्यास मराठी येत नव्हती, पण दोघेही एकाच खात्याचे असल्यामुळे संभाषणास अडचण पडली नाही. अण्णासाहेबांनी काठीने मुरणारे पाणी दाखविले आणि कपाळावर हात मारला. म्हातारा हसला. त्याने फावड्याने पायांखालचा डोंगर दाखविला, मग खूप खाली एका पांढऱ्या गावाकडे बोट केले, आणि ओंजळ तोंडाशी नेऊन पाणी प्यायल्याची खूण केली. नंतर बोटे मोजली: एक, दोन, तीन, आणि आकाशातल्या सूर्याकडे पाहून घाम पुसला.

अण्णासाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी खाणावळीच्या मालकाने, ज्यास इंग्रजी येत होते, सारे उलगडून सांगितले. बर्फ वितळते तेव्हा पाणी उदंड असते आणि पिकाला नको असते. उन्हाळ्यात पीक तहानलेले असते तेव्हा बर्फ संपलेले असते. धरण बांधावयास पैका नव्हता; म्हणून मुरांनी डोंगरालाच धरण केले. वसंतात वरच्या पाटांतले पाणी ठरावीक जागी मुद्दाम जमिनीत मुरवावयाचे. ते आतल्या आत झिरपत आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांना फुटते, नेमके उन्हाळ्यात. या पद्धतीस 'कारेओ' म्हणतात, आणि ग्रानाडा विद्यापीठातील मंडळी गावकऱ्यांना घेऊन बुजलेले पाट पुन्हा मोकळे करीत आहेत. मधल्या काळात काही ठिकाणी सुधारणा म्हणून पाटाऐवजी नळ घातले, गळती थांबली, आणि खालची झाडे वाळली. हे शेवटचे वाक्य ऐकताना अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो मुळात स्वच्छ होता.

येथे मला माझ्या खात्याची बाजू मांडणे भाग पडले. १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाचे फर्मान निघाले. धर्मांतरित मुरांनी, म्हणजे मोरिस्कोंनी, अरबी भाषा सोडावी, पोशाख सोडावा, हमामखाने सोडावेत. पुढच्याच वर्षी नाताळच्या सुमारास आल्पुहारा पेटला. बंड मोडावयास राजाचा सावत्र भाऊ डॉन हुआन यास यावे लागले, आणि १५७१ पर्यंत सारे संपले. मोरिस्कोंना ग्रानाडाच्या राज्यातून हाकलून अन्यत्र पांगविले, आणि रिकाम्या गावांत गालिसिया, लेओन, आस्तुरियास अशा उत्तरेकडच्या पावसाळी मुलखांतून कुळे आणून बसविली. या पाहुण्यांना पाटाचे पाणी म्हणजे काय याची वार्ता नव्हती. मग पाट टिकले कसे? तर जप्तीनंतर गावोगाव पैमाश झाली. शेते, घरे, तुतीची झाडे, आणि कोणत्या जमिनीस कोणत्या पाळीचे पाणी, हे सारे जाणत्यांच्या जबान्या घेऊन वह्यांत उतरविण्यात आले. त्या 'आपेओ'च्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. "तात्पर्य," मी अण्णासाहेबांना म्हणालो, "पाणी तुमच्या अभियंत्यांनी आणले असेल, पण राखले ते कारकुनांनी."

"वहीतून पाणी वाहत नाही, रावसाहेब," अण्णासाहेब म्हणाले. "मालक काय सांगतो ते ऐका. प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे मुद्दाम ठेवून घेतली, पाट कसा चालवायचा ते नव्यांना शिकवण्यासाठी, अशी इकडे परंपरा सांगतात."

"त्या कुटुंबांची नावे नोंदवलीत?"

"तुम्हीच नोंदवायची होती."

हा वाद रात्री साडेनऊपर्यंत चालला, कारण त्याआधी या देशात कोणी जेवावयास वाढीत नाही.

मुलासेनविषयी थोडक्यात लिहितो, कारण आमचा त्याच्याशी संबंधही थोडक्यातच आला. बोआब्दिलचा बाप मुले हासेन याचे दफन त्या शिखरावर झाले अशी दंतकथा आहे, आणि शिखराचे नाव त्याच्यावरूनच पडले. पोराने गादीवरून काढले तेव्हा, जेथे कोणी माणूस येऊन त्रास देणार नाही अशी जागा म्हाताऱ्याने पसंत केली म्हणतात. उन्हाळ्यात आता त्या जागी छायाचित्र काढून घेणाऱ्यांची दाटी असते. गावातून एक लहान मोटार बरीच उंचावर नेऊन सोडते, आणि तेथून माथा काही तासांच्या चालीवर. आम्ही मोटारीचा भाग मोठ्या उत्साहाने पार पाडला. तेथे एका सुळक्यावर वळणदार शिंगांचा रानबोकड उभा होता. त्याने आमच्या बुटांकडे, काठ्यांकडे व पाठपिशव्यांकडे एकदा पाहिले, आणि आम्ही परतीच्या मोटारीत जागा राखून ठेवली.

आल्पुहाराची ख्याती ज्या दुसऱ्या वस्तूवर उभी आहे, किंबहुना टांगलेली आहे, ती त्रेवेलेस गावी पाहावयास मिळते. हे गाव १४७६ मीटरवर. तेथील थंड, कोरडी हवा आणि मीठ, एवढ्या भांडवलावर डुकराच्या मांड्या वर्ष-दीड वर्ष सुकवितात, आणि त्यांस १८६२ साली इसाबेला दुसरी या राणीचा राजमुद्रेचा मान मिळाला आहे. आम्ही ज्या उपाहारगृहात शिरलो तेथे आढ्यापासून अशा मांड्या रांगेने लोंबत होत्या. अण्णासाहेब माळकरी. त्यांनी जावयाने लिहून दिलेली 'मांसाशिवाय' अशी चिठ्ठी दाखविली. मालकाने ती आदराने वाचली, आणि बटाट्यांवर फक्त मांडीचे चार काप पसरून आणले. मांस वेगळे आणि ही मांडी वेगळी, याविषयी त्या गावात शंका नाही. काप माझ्या ताटात आले, आणि मी आक्षेप नोंदविला नाही. त्यांच्याखालचे बटाटे मात्र अण्णासाहेबांनी नाकारले, म्हणून दुसरे मागविले: कांदा व हिरव्या मिरच्यांबरोबर ऑलिव्हच्या तेलात मंद शिजलेले, कडा किंचित लागलेले, त्यांस 'गरिबाचे बटाटे' म्हणतात. त्यांवर दोन अंडी असतात. तीही माझ्याकडे वळविण्यात आली. पाचव्या चार्ल्सने हे ताट पाहिले असते तर अल्हंब्रातल्या थडग्याविषयी इतके ठाम बोलला नसता.

जेवता जेवता अण्णासाहेबांची नजर वर गेली आणि तेथेच खिळली. प्रत्येक मांडीच्या टोकाखाली पांढऱ्या रंगाची, उलट्या छत्रीच्या आकाराची इवलीशी वाटी खोचलेली होती. मांडीतून पाझरणारी चरबी थेंबाथेंबाने त्या वाटीत जमत होती. एकही थेंब जमिनीवर पडत नव्हता.

"रावसाहेब," ते हळूच म्हणाले, "पाट गळतो तो डोंगराला सोडून देतात, आणि मांडी गळते तर वाटी लावतात!"

त्यांनी खिशातून डायरी काढली. निवृत्त झाले तरी पाहिलेल्या प्रत्येक कालव्याचे तपासणी टिपण लिहिण्याची सवय गेलेली नाही. जुन्या नमुन्यातले रकाने ते हातानेच आखतात. कालव्याचे नाव, लांबी, अस्तर, दरवाजे, कर्मचारी हे रकाने भराभर भरले. 'गळती' या रकान्यापाशी लेखणी थबकली. मालक ताटे उचलून गेला, कॉफी आली, कॉफी निवली. अखेर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: 'समाधानकारक'. मग डायरी माझ्याकडे सरकवून पंच म्हणून सही करा म्हणाले. मी टिपण आरंभापासून वाचले आणि सही करण्यास नकार दिला. वसुलीचा रकाना त्यांनी आखलाच नव्हता.